राणीचा एकेरी उल्लेख

संपादकांनी "राणी असती तर" एवढंच म्हटलं आणि धाकटीच्या तोंडून, मान वर न करता, "हो गं, माहीत आहे" असं निघून गेलं. बैठकीतले सगळे आधी तिच्याकडे, मग संपादकांकडे आणि शेवटी, कुठेतरी पाहायलाच हवं म्हणून, छताच्या पंख्याकडे पाहू लागले. संपादकांना भरघोस मिशा होत्या, नातवंडं होती, आणि उभ्या हयातीत त्यांना कोणी 'गं' म्हटलेलं नव्हतं. त्यांचा हात नकळत मिशीकडे जाऊन ती जागेवर असल्याची खात्री करून आला. "माहीत असेल तर बरंच आहे," ते म्हणाले, "मग तूच लिही. पुण्यतिथीच्या पुरवणीची मधली दोन पानं. राणी असती तर आज राजघराणं कसं असतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, पण आपण गळा काढायचा नाही." क्रीडापान बघणारा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "मग मला काय म्हणशील? वहिनी?" तिनं चहाचा घोट घेतला. चहा केव्हाच गार झाला होता आणि ते तिला आत्ता कळत होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून तिच्या नकळत एखादं वाक्य निघतं तेव्हा ते पहिल्यांदा निघत नसतं. ते इतक्यांदा निघालेलं असतं की त्याला आता बाईची गरज उरलेली नसते.

घरी हे वाक्य आईचं होतं. नळ गळायला लागला, राणी असती तर. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, राणी असती तर. धाकटीनं लग्न केलं तेव्हा राणी असती तर, आणि ते लग्न मोडलं तेव्हाही राणी असती तर. वाक्याला पुढे शेपूट नसायचं. 'तर' म्हणून आई थांबायची, आणि त्या 'तर'च्या पुढे जी मोकळी जागा राहायची तीत धाकटीनं आपलं काय काय कमी पडलं ते भरून घ्यायचं, असा घरातला अलिखित करार होता. "हो गं, माहीत आहे" ही त्या करारावरची तिची सही. ही राणी म्हणजे देशाची राणी नव्हे. ही तिची थोरली बहीण. वडिलांनी लाडानं राणी म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. दुसरी मुलगी झाली तोवर घरातली लाडाची नावं संपली असावीत, किंवा उत्साह संपला असावा. तिला नुसतंच धाकटी म्हणायला लागले. थोरली विसाव्या वर्षी काविळीनं गेली. घरात एकच मुलगी उरली तरी ती धाकटीच राहिली. कोणापेक्षा धाकटी, हे कोणी विचारलं नाही. आता तिचे केस पिकले होते, जवळचा चष्मा वेगळा आणि लांबचा वेगळा होता, तरी बँकेत काउंटरवरच्या पोरीला आई सांगायची, "ही आमची धाकटी." पोरगी हसून विचारायची, "आणि मोठ्या ताई?" मग आई सांगायला लागायची. मागची रांग थांबायची, आणि कोणीतरी आईला बसायला खुर्ची द्यायचं. धाकटीला उभं राहायची सवय होती.

देशाची राणी गेली तीही त्याच वर्षी, यांच्या राणीच्या आठवडाभर आधी. घाटात मोटार उलटली. गादीवर येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तिशीही गाठली नव्हती, आणि नोटांवर तिचा चेहरा नुकता कुठे छापून झाला होता. सगळा देश रडत होता. निशाणं अर्ध्यावर आली होती, रेडिओवर दिवसभर सारंगी लावून ठेवली होती. त्या सारंगीतच थोरलीचे डोळे पिवळे झाले, आणि निशाणं वर जायच्या आत ती गेली. धाकटीला आठवत होतं, दारात उभा राहून दूधवाला म्हणाला होता, "राणी गेली हो," आणि वडील म्हणाले होते, "गेली रे बाबा," आणि मग दोघंही गळ्यात पडून रडले होते. दोघं वेगवेगळ्या राण्यांसाठी रडले हे दूधवाल्याला पुढे कधीतरी कळलं, तेव्हा तो बिचारा पुन्हा एकदा रडून गेला. शाळेत धाकटीला रजा मागावी लागली नाही, सरकारनंच सगळ्यांना दिली होती. दुकानं बंद होती, रस्त्यात माणसं काळ्या फिती लावून फिरत होती, आणि आई खिडकीत बसून ते बघत होती. एवढं मोठं शहर आपल्या पोरीसाठी बंद ठेवलंय असं तिला तेव्हा एखाद्या क्षणी वाटलं असेल, तर त्यात तिची काही चूक नव्हती. पंचाईत एवढीच झाली की तो क्षण संपलाच नाही. थोरलीचा धड फोटो घरात नव्हता. वर्गाच्या फोटोत तिनं नेमकी मान हलवली होती, त्यामुळे ओळीत तिच्या जागी एक पांढुरका पुसट ठिपका होता. म्हणून आईनं वर्तमानपत्रातला राणीचा रंगीत फोटो कापून चौकटीत घातला आणि भिंतीवर लावला, चांगला फोटो मिळेपर्यंत. चांगला फोटो कुठून मिळणार होता?

धाकटी आपल्या टेबलाशी येऊन बसली. पुरवणीतली बाकीची पानं लागून झाली होती, ती तिनं चाळली. एका अर्थतज्ज्ञानं लिहिलं होतं की राणीसाहेब असत्या तर महागाई आटोक्यात असती. एका निवृत्त अभियंत्यानं लिहिलं होतं की नदीवरचा पूल पडला नसता. राजवाड्यातल्या माजी केशरचनाकारानं लिहिलं होतं की बायकांच्या केसांचा आजचा घोळ झालाच नसता. राजाबद्दल कोणी वाईट लिहिलं नव्हतं. कोणी काही लिहिलंच नव्हतं. राजा म्हणजे राणीचा धाकटा भाऊ. राणी गेली म्हणून गादीवर बसवला गेला तेव्हा कॉलेजात होता, आता म्हातारा झाला होता, आणि अजूनही लोक त्याला राणीचा भाऊ म्हणत. त्याचे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नसत, हल्ली तर एका बाल्कनीतही उभे राहत नसत, आणि देशाचं यावर एकमत होतं की राणी असती तर हे झालं नसतं. राजा एकदा या कचेरीत आला होता, नव्या छपाईयंत्राचं उद्घाटन करायला. ओळीत उभं राहायला धाकटीही होती. भिंतीवर राणीची मोठी तसबीर. फोटोग्राफर राजाला थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे सरकवत होता, कारण राजाचं डोकं सारखं तसबिरीच्या आड येत होतं. शेवटी राजानं शेजारी उभ्या असलेल्या धाकटीलाच हळूच विचारलं, "मी नक्की कुठे उभा राहू?" तिनं काही राजशिष्टाचार शिकलेला नव्हता. ती म्हणाली, "कुठेही राहा, दिसणार त्याच आहेत." राजा हसला. घाईघाईनं आवरलेलं, पण खरं हसू. दुसऱ्या दिवशी छापलेल्या फोटोत राणी पूर्ण आली होती आणि राजाचा एक कान कापला गेला होता. तो कान धाकटीला बरेच दिवस आठवत राहिला.

तिनं लिहायला घेतलं. कचेरीचा नियम जुना होता. तोंडानं कोणी काहीही म्हणो, छापताना राजघराण्यातल्या माणसाला आदरार्थीच वापरायचं. सगळा देश रडायचा एकेरीत आणि वाचायचा अनेकवचनात. 'राणीसाहेब असत्या तर,' तिनं लिहिलं, आणि बोटं आपोआप पुढे चालू लागली. 'त्यांच्या मायेच्या छायेत दोन्ही राजपुत्र...' ती थांबली. असत्या, झाल्या असत्या, केलं असतं. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. भूतकाळ नाही, वर्तमान नाही, भविष्य नाही, आणि तरी धाकटीचा जन्म सगळा याच काळात गेला होता. तिथली हवा तिला पाठ होती. तिथे कोणी चुकत नाही, कोणी जाड होत नाही, कोणी दार आपटत नाही. तिथे थोरली अजून विशीत होती आणि धाकटीला न जमलेलं सगळं तिला जमत होतं. धाकटीनं आईला आपल्याकडे आणलं, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, पाय घसरून पडल्यावरचे ते महिने, सगळं निभावलं; पण ते झालेलं होतं. झालेलं नेहमी थोडं मळकं असतं. न झालेल्याला डाग पडत नाही. तिनं मायेची छाया पुसली आणि लिहिलं, 'राणीसाहेब असत्या तर आज त्यांचे गुडघे दुखत असते.'

हे वाक्य स्क्रीनवर शांतपणे बसून राहिलं. वीज कोसळली नाही. मग ती लिहीतच गेली. राजवाड्याला जिने फार, तेव्हा दरबार पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणावा लागला असता, आणि त्या खर्चावर आपणच अग्रलेख लिहिला असता. राणीसाहेबांचं भावाशी पटलं नसतं; एवढी वर्षं एका घरात काढल्यावर कोणाचं पटतं? भाऊ काहीतरी भलतंच शिकला असता, समुद्रकिनाऱ्यावर घर करून राहिला असता, त्याचे दोन्ही कान सगळ्या फोटोंत नीट आले असते. पुतण्यांचं भांडण राणीसाहेबांनी मिटवलं नसतं. वाढवलं असतं, कारण दोघांतला एक त्यांचा लाडका असता आणि तो कोण हे त्यांनी लपवलं नसतं. पूल पडायचा तेव्हा पडलाच असता. त्या पुलाच्या उद्घाटनाला त्याच गेल्या असत्या आणि आपण त्यांना विचारलं असतं, कंत्राटदार कोण होता? आपण त्यांना कंटाळलो असतो. हे लिहिताना तिला इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीत नीट सरसावून बसली. आपण कंटाळलो असतो, कारण माणूस जवळ असलं की कंटाळा येतो, आणि कंटाळा आला तरी ते माणूस दुसऱ्या दिवशी असतं, हेच तर ते माणूस जिवंत असल्याचं लक्षण. ती थट्टा करायची. ती खोटं बोलायची, आणि इतक्या सफाईनं की मार दुसऱ्याला बसायचा. टेबलावरून उडी मारून भुवई फोडून घेतली आणि सांगितलं, ढकललं. भुवईवरची ती खोक पुढे पावडरखालीही दिसायची, हसली की वर चढायची...

हसली की वर चढायची. धाकटीनं डोळे मिटले, चढताना पाहावी म्हणून. आणि मिटल्या डोळ्यांसमोर जो चेहरा आला तो मुकुट घातलेला होता. तिनं तो पुसला. पुन्हा तोच आला, नोटेवरचा, किंचित डावीकडे वळलेला, गुळगुळीत, कुठेही खोक नसलेला. वर्षानुवर्षं भिंतीवरून खाली बघत बघत त्यानं जागा घेतली होती, आणि थोरली कधी उठून गेली ते घरात कोणाला कळलं नव्हतं. आवाज आठवत होता. ओल्या केसांचा वास आठवत होता. पांघरूण ओढून घेतलं की अंगाला लागणारी गार टाच आठवत होती. चेहरा मात्र नव्हता. खोक होती, पण ती आता हवेत लटकत होती, तिला टेकायला कपाळ नव्हतं. डावी भुवई की उजवी? तिनं आपल्या एका भुवईवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे सारखंच खरं वाटत होतं, म्हणजे दोन्हीकडे खोटं. कचेरीत पंखे चालू होते, कोणीतरी फोनवर हवामान विचारत होतं, आणि ती अजून दोन बोटं दोन भुवयांवर ठेवून बसली होती.

मुद्रितशोधकाला कचेरीत सगळे वेलांटीराव म्हणत. ऱ्हस्वदीर्घावरून त्यानं एकदा मंत्र्यांचं भाषण अडवून ठेवलं होतं. तो दुपारी कागद घेऊन तिच्यापाशी आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"बाई, पहिल्या तीन परिच्छेदांत राणीसाहेब 'त्या' आहेत. चौथ्यात एकदम 'ती' झाल्या. मधे काही झालं का? गादी वगैरे गेली?"

तिनं कागद बघितला. खरंच होतं. 'त्यांना कंटाळलो असतो' इथवर ती शुद्धीवर होती. पुढे सगळं एकेरी. नजरचूक झाली, करते दुरुस्त, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं ऐकलं, आपण म्हणतोय, "पहिले तीन चुकलेत. तेही एकेरी करा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

वेलांटीरावानं पेन्सिल कानावर ठेवली. तो विचार करत असला की ती कानावर जायची. "बरं. आता ही खोक. राणीसाहेबांच्या भुवईवर खोक नव्हती. कोणतीही नोट काढून बघा. नोट खोटी असू शकते, चेहरा नसतो."

"जगली असती तर कधीतरी पडलीच असती."

"पण इथे 'फोडून घेतली' असं आहे. झालेलं. 'घेतली असती' हवं."

"नको. घेतलीच."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तो काही बोलला असता तर ती उठून गेली असती. पण त्याला व्याकरणापलीकडच्या गोष्टींची भीती वाटायची, आणि म्हणून तो भला माणूस होता. "घेतली तर घेतली," तो म्हणाला. "पण मग कोणती भुवई ते लिहा. नुसतं 'भुवई' म्हटलं की वाचकाला वाटतं लेखकाला ठाऊक नाही."

"लेखकाला ठाऊक नाही."

"मग शोधा की. पान उद्या सकाळी सोडायचंय."

संपादकांनी लेख उभ्यानंच वाचला. गुडघ्यांपाशी ते हसले, हे तिनं मिशीवरून ओळखलं. पुढे हसू गेलं आणि मिशी नुसतीच उरली. "राणीला एकेरी?" ते म्हणाले. "दारावर मोर्चा येईल."

"सकाळी तुम्हीच म्हणालात. राणी असती तर."

"ते तोंडी."

"देवाला छापतानाही एकेरीच लिहितो आपण. आईलाही. ज्याच्याशी भांडता येतं त्याला एकेरी."

"मला शिकवू नकोस. आणि ही खोक काय? खोटं बोलायची काय? अगं, लोकांच्या देव्हाऱ्यात आहे ती."

"म्हणूनच. तिथून उतरवतेय. तिथे तिला बसायलासुद्धा जागा नाही."

संपादक खाली बसले. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाला एवढा घाम येत नाही. "हे बघ, पुरवणीची खुर्ची पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. मालकांना मी तुझंच नाव सांगितलंय. आणि तू ऐन वेळी हे घेऊन येतेस. 'त्या' कर, खोक काढ, शेवटी दोन ओळी मायेच्या घाल. एवढंच म्हणतोय."

खुर्ची तिला हवी होती. हवी नव्हती असं म्हणणं म्हणजे पुन्हा त्याच स्वच्छ, न झालेल्या हवेत राहायला जाणं. कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या मजकुराची कापाकापी करून ती त्या खुर्चीपर्यंत सरकत आली होती. "नाही," ती म्हणाली. "मायेच्या ओळी अर्थतज्ज्ञानं घातल्यात."

"सकाळपर्यंत विचार कर."

"विचार झालाय. फक्त भुवई राहिलीय."

संपादकांनी कागद टेबलावर टाकला. "छापतो. आता माझाही हट्ट बघ. पण 'आमच्या प्रतिनिधीकडून' नाही. खाली तुझं नाव जाईल, पूर्ण. मोर्चा आला तर त्यांना ओरडायला एखादं नाव हवं. आणि खुर्चीचं मग मला विचारू नकोस."

ती घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. आई टीव्हीसमोर बसली होती, आवाज बंद करून. पडद्यावर राणीची जुनी मिरवणूक चालली होती, उघडी मोटार, हलणारा हात. आईला आवाज लागत नसे. काय बोलतात ते तिला ठाऊक असायचं. धाकटीनं चपला काढल्या, पर्स ठेवली आणि नेहमीसारखं स्वयंपाकघरात न जाता आईसमोर स्टूल ओढून बसली. आईनं मान वाकडी करून तिच्या बाजूनं टीव्ही बघायचा प्रयत्न केला.

"आई, राणीच्या भुवईवर खोक होती ना, ती कोणत्या बाजूला?"

"कसली खोक? राणीला कुठली आलीय खोक?" आईनं हनुवटीनं भिंत दाखवली. "बघ की. फोटो आहे ना समोर."

म्हणजे आईकडेही नाही. म्हणजे जगाच्या पाठीवर आता कुठेच नाही. ती उठली, खिळ्यावरून चौकट उतरवली आणि टेबलावर उताणी ठेवली. भिंतीवर एक स्वच्छ चौकोन उरला, बाकीच्या भिंतीपेक्षा तरुण.

"ही ती नाही, आई."

"मला काय वेड लागलंय? ही ती नाही हे कळतं मला. लाव परत."

"मग तिला खोक होती."

"नव्हती."

"होती. टेबलावरून पडली होती."

"पडली नव्हती, तू ढकललं होतंस," आई ताडकन म्हणाली.

टीव्हीवर मोटार कोपऱ्यावर वळली. आईचा हात गोळ्यांच्या डबीकडे गेला, डबी उगीचच थोडी सरकवून परत आला.

"म्हणजे होती," धाकटी म्हणाली. "आणि मी ढकललं नव्हतं. मी खाली उभी होते, प्रजा म्हणून. राज्याभिषेक चालला होता. तिनं आपल्या हातांनी डोक्यावर चाळणी ठेवली आणि उडी मारली."

"राणी खोटं नव्हती बोलत कधी."

"रोज बोलायची. शिवणाच्या क्लासला जाते सांगायची आणि सिनेमाला जायची. मला बरोबर न्यायची, मी फुटू नये म्हणून. घरी येऊन सांगायची, आज मशीन बिघडलं होतं."

आईनं तिच्याकडे पाहिलं. पूर्ण पाहिलं, बाजूनं टीव्ही शोधत नव्हे. "तरीच," ती म्हणाली. "वर्षभरात एक झबलं शिवून झालं नाही पोरीचं. मी त्या क्लासवाल्या बाईला जाऊन बोलून आले होते, की मशीन धड ठेवा म्हणून. काय वाटलं असेल त्या बाईला?" तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग थांबला, जसं काही परवानगी विचारतोय. "खोटं छान बोलायची पण. खरं वाटायचं."

"राणी असती तर," धाकटी म्हणाली, आणि या वेळी ती 'तर'पाशी थांबली नाही, "तर साठीची असती. तुझ्याशी रोज भांडली असती. तुला ठेवून घेतलं असतं आणि महिन्याभरात मला फोन केला असता, की ने बाई तुझ्या आईला. गुडघे दुखले असते तिचे."

"राणीचे नसते दुखले."

"दुखले असते. तुझे दुखतात, माझे दुखतात. तिचे काय सोन्याचे होते?"

"नसते दुखले म्हणते ना. तिचा बांधा वेगळा होता."

"आई, दुखले असते."

आईनं तोंड फिरवलं. बराच वेळ ती त्या भिंतीवरच्या कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिली. धाकटी वाट बघत बसली. मागं फिरायचं नाही, आज नाही, असं तिनं स्टुलावर बसतानाच ठरवलं होतं. आई रडली तरी नाही.

"केस मात्र पिकले असते," आई शेवटी म्हणाली. "आपल्याकडे लवकर पिकतात." मग तिनं वाकून, कुठे काय आहे हे चाचपत, धाकटीच्या चष्म्यावर बोट आपटून, "काढ हे आधी" असं पुटपुटत हात तिच्या कपाळापर्यंत नेला. कोरडं, सुरकुतलेलं बोट भुवईच्या टोकाशी टेकलं आणि केसांच्या दिशेनं थोडं वर सरकलं. "इथं. डावीला. अशी तिरकी. टाके घालू दिले नाहीत तिनं. डॉक्टरांना चावली."

"माझी डावी की तुझ्या समोरची डावी?"

"तिची डावी गं. तुझी नि तिची डावी एकाच बाजूला."

बोट तिथेच राहिलं. आणि त्या बोटाखाली, आतून, कोणीतरी तोंडभर हसलं. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. नाक सोललेलं. मुकुट नाही. डोक्यावर चाळणी, आणि चाळणीच्या भोकांतून गालावर पडलेले उजेडाचे ठिपके. खोक वर चढली. धाकटीनं श्वास रोखून धरला, पण चेहरा गेला नाही. उलट असा बघत राहिला की, काय गं, म्हातारी झालीस की तू.

तिनं उठून कचेरीत फोन लावला. वेलांटीरावच होता.

"डावी," ती म्हणाली. "डाव्या भुवईवर. तिरकी."

"राणीसाहेबांच्या?"

"राणीच्या."

"बरं." पेन्सिल चालल्याचा आवाज आला. "संपादक विचारतायत, नावाचं काय? अजून वेळ आहे म्हणतात. मायेच्या दोन ओळी आल्या तर नाव काढतो म्हणाले."

"ओळी नाहीत. नाव घाला."

"पूर्ण?"

"पूर्ण." आणि कचेरीत सगळे बाई म्हणतात आणि घरी सगळे धाकटी, तेव्हा या माणसाला आपलं नाव नीट ठाऊक असेलच असं नाही, म्हणून तिनं ते सांगायला सुरुवात केली. सावकाश, अक्षर अक्षर सोडवून, कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ ते बजावून. बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद झाला. नाव संपलं तसं तिनं ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्यानं.

"कोणाचं नाव सांगतेस गं?" बाहेरून आईनं विचारलं.

"माझं," ती म्हणाली.